साठच्या पुढे नाना

घोडेगाव मागे पडलं, रस्ता मोकळा दिसला आणि संदीपने गाडी साठच्या पुढे नेली. त्याच क्षणी बॉनेटखालून आवाज आला, "हूंऽऽऽ."

गाडीचा जोरच गेला. संदीपने ॲक्सिलेटर दाबला, अजून दाबला, पार तळाला टेकवला. पण मागून कुणी धरून ठेवावं तशी गाडी मंदावत गेली. समोर इंजिनचा पिवळा दिवा लागला. भर दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोन्ही बाजूंना उसाची उभी शेतं आणि त्यांतलं एक पानही हलत नव्हतं. संदीपच्या अंगावर सर्रकन काटा आला. गाड्या असा आवाज काढत नाहीत. असा आवाज एकच माणूस काढायचा आणि त्याला जाऊन दोन महिने झाले होते.

शेजारी त्याची आई विमलबाई बसली होती. तिने खिडकीबाहेर काढलेला हात मुकाट्याने आत घेतला, काच वर केली आणि डोक्यावरून पदर ओढला.

"ह्यांना कळलं," ती एवढंच म्हणाली.

'हे' म्हणजे संदीपचे वडील, कानिफनाथ नाना. टर्बोची गाडी त्यांनी हौसेने घेतली आणि बैलगाडीच्या शिस्तीत वापरली. संदीप चालवायला बसला की नाना शेजारी बसत, आणि काटा साठला टेकला रे टेकला की त्यांच्या नाकातून निघायचं, "हूंऽऽऽ." शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्या एका हुंकाराने घरातली ठरत आलेली लग्नं मोडली होती, भावकीतली भांडणं मिटली होती आणि विमलबाईचं बोलणं तर आयुष्यभर अर्ध्या वाक्यात थांबलं होतं.

दहाव्याला प्रवरासंगमला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. कावळे भरपूर होते. झाडावर ओळीने बसून नुसते बघत होते. "विहिरीची जळालेली मोटर भरून आणू", "भांडलेल्या आत्याला माहेरी बोलवू" असे सगळ्यांचे शब्द देऊन झाले. ऊन डोक्यावर आलं, लोकांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, तरी झाडावरचे काही हलेनात. शेवटी संदीप हात जोडून म्हणाला, "नाना, गाडी साठच्या पुढं न्हेनार न्हाई." एक कावळा सरळ खाली आला आणि त्याने भात उचलला. मंडळी सुटकेचा श्वास टाकून जेवायला गेली. संदीप मात्र शब्दात अडकला.

तो शब्द आज मोडला होता. त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि स्टिअरिंगला हात जोडून म्हणाला, "नाना, चुकलं." पुन्हा किल्ली फिरवली तर गाडी पहिल्यासारखी पळायला लागली! त्यामुळे तर त्याला आणखीच घाम फुटला.

इमामपूरच्या घाटात चढ लागला आणि नाना परत आले. मागच्या सीटवरून त्याची बायको जयमाला पुढे वाकून कुजबुजली, "अहो, काय पायजे ते विचारून तर घ्या."

"नाना, तुमीच हाय का?" संदीपने विचारलं. त्याचा पाय ॲक्सिलेटरवर पडला.

"हूंऽऽऽ."

"रागावलाय का?"

"हूंऽऽऽ."

"माझ्यावर का ह्यांच्यावर?" जयमालाने धीर करून विचारलं.

"हूंऽऽऽ. हूंऽऽऽ."

"दोघांवर," असा अर्थ लावून ती मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. नागापूरला घर येईपर्यंत गाडीत कुणी खाकरलंसुद्धा नाही.

त्यानंतर नाना अधिकच कडक झाले. आधी साठला बोलायचे, मग पन्नासला बोलायला लागले, पुढे पुढे चाळीसही त्यांना खपेना. टेम्पो, ट्रॅक्टर, एकदा तर उसाची बैलगाडीसुद्धा संदीपला मागे टाकून गेली. विमलबाई आताशा गाडीत बसताना चपला बाहेर काढून हातात घ्यायची, काच लावायची आणि ताठ बसायची. बोलायची नाही. तिचं ते गप्प बसणं बघून संदीपला भरून यायचं. आईला तिचा माणूस परत मिळालाय, असं त्याच्या मनाने घेतलं.

पण चाळिसाच्या आतली गाडी घेऊन कंपनीत वेळेवर पोचता येईना. साहेबांना कारण काय सांगणार? शेवटी तो एमआयडीसीतल्या चेतनशेठच्या गॅरेजात गेला. चेतनशेठ हा बोलघेवडा माणूस. रोगाआधी स्वतःचं कौतुक सांगायची त्याला सवय होती.

"माझ्या हाताखालून मंत्र्याची गाडी गेलीय," म्हणत त्याने मशीन जोडलं. "बूस्ट पडलंय. टर्बो हवा ढकलतोय, पन ती इंजिनपत्तुर जाईना. मधेच कुठंतरी निसटतीय. रेस कर."

संदीपने रेस केली. बॉनेट उघडं होतं आणि त्याला पहिल्यांदाच त्या आवाजाचं तोंड दिसलं. टर्बोकडून येणारा जाड रबरी पाइप खालच्या बाजूने फाटला होता. रेस वाढली की ती चीर ओठांसारखी उघडायची.

"हूंऽऽऽ."

चेतनशेठने त्यावर पंजा घट्ट दाबला. आवाज बंद झाला.

"हात काढा!" संदीप किंचाळला.

"का रे? भाजंल म्हून?"

वडिलांचं तोंड दाबलंय असं कुणाला सांगायचं?

तासाभरात नवा पाइप बसला. संदीप बायपासला निघाला. साठ. सत्तर. ऐंशी. गाडी तीरासारखी सुटली आणि कुणी काही बोललं नाही. शंभरला काटा टेकला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. दहाव्याला आलं नव्हतं ते रडू त्याला आता आलं. आपण एकटे रडलो तर रडलो, पण आईचं काय? पाइपच्या भोकाने आलेले का होईना, तिचे नाना होते. ते आपण गॅरेजात टाकून आलो!

त्याने गाडी वळवली.

"जुना बसवा," तो म्हणाला.

चेतनशेठने त्याच्याकडे, मग गाडीकडे आणि परत त्याच्याकडे बघितलं. "आवाज घालवायला लोक माझ्याकडं येत्यात. आवाज परत घ्यायला आलेला तू पयलाच." पण बसवला.

दुसऱ्या दिवशी संदीपने आईला मुद्दाम गाडीत बसवलं. विमलबाईने आज चपला काढल्या नाहीत. काच पार खाली केली, हात बाहेर टाकला आणि काहीतरी गुणगुणायलाही लागली. चाळीसला काटा आला.

"हूंऽऽऽ."

गुणगुणणं तुटलं. हात आत आला.

"गॅरेजात न्हेली हुतीस ना?"

"व्हय."

"मग अजून हायेतच?"

"हायेत आई," संदीप गहिवरून म्हणाला. "ते काढत हुते. मी जाऊ दिलं न्हाई."



"अरे मुडद्या," विमलबाई म्हणाली, "काल तू गॅरेजात गेलास तवा मी देवाम्होरं साखर ठेवली! सुटले बिचारे, आन मीबी सुटले, म्हनून. जलमभर हूं ऐकलं. वर गेल्यावरबी हूंच? आन तू त्यांना परत घिऊन आलास?"

संदीपने गाडी गॅरेजकडे घेतली. चेतनशेठने नवा पाइप परत बसवला आणि जुना भंगारात फेकला.

मायलेक घोडेगावच्या रस्त्याला लागले. काटा साठावरून निमूट पुढे गेला. विमलबाई श्वास रोखून बॉनेटकडे बघत होती. सत्तर झाले, ऐंशी झाले. वाऱ्याने तिच्या डोक्यावरचा पदर खाली आला, तो तिने सावरला नाही.

"थांबिव," ती एकदम म्हणाली.

गाडी कडेला थांबली. तीच भर दुपार, तोच ऊस. बराच वेळ ती कान देऊन बसली आणि मग तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडली. संदीपने तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं, दहाव्यालाही नाही.

"खरंच गेले रे," ती म्हणाली.

मग तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि समोरचा रस्ता बघितला.

"चल, दाब आता. आन हळू चालवायची असंल तर आत्ताच सांग. मी एस्टीनं जाईन."