राहिलेला टाटा

दूरदर्शनवरच्या ‘चिंचाबोरं’ या मुलांच्या कार्यक्रमाच्या एका भागात शेवटचा टाटा करायचा राहून गेला, तेव्हापासून त्यातली मुलं स्टुडिओतच बसून होती. निर्मात्या शालनताई दाबके निवृत्तीला आल्या, तरी मुलं आठ-नऊ वर्षांचीच होती. भाग संपल्याशिवाय त्यातल्यांचं वय धरत नाहीत.

चूक ताईंचीच. पूर्वी एकदा एक मूल कार्यक्रम चालू असताना उठून सरळ कॅमेऱ्यासमोरून शूला गेलं होतं. तेव्हा त्यांनी नियम घातला, की ताईंबरोबर टाटा केल्याशिवाय सतरंजीवरून कुणी हलायचं नाही. मग एका संध्याकाळी बाहुल्यांची गोष्ट लांबली, बातम्यांची वेळ झाली आणि वरून प्रक्षेपण तोडलं. मुलं चाचणी घेऊन निवडलेली, शहाणी. एकही उठलं नाही.

त्यात शालनताईंची ऋजुताही होती. एका मुलाला गोवर निघाला म्हणून तिला ऐनवेळी बसवलं होतं, सेटवर आई म्हणायचं नाही, ताई म्हणायचं, असं बजावून. ती अजून ताईच म्हणत होती.

टाटासाठी ताईंनी अर्धं मिनिट मागून पाहिलं. प्रसारित झालेल्या कार्यक्रमाला पुन्हा वेळ देता येत नाही, असं उत्तर आलं. सरकारी काम, सहा महिने थांब. त्या थांबल्या, पुन्हा मागितलं. पालक डबे आणत राहिले. त्यांचे केस पिकले, हात थरथरू लागले. ऋजुताचे बाबा रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन फाटकाशी उभे राहत, न जाणो, आज सुटली तर.

एका हिवाळ्यात ते गेले. तेराव्यानंतर ताई कामावर आल्या, तेव्हा ऋजुताने विचारलं, बाबा आलेत का फाटकाशी. उभे आहेत, असं त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी वेळ मागितलाच नाही. ताई अजून मागताहेत असं समजून इतर पालक केंद्राच्या नावाने बोटं मोडत आणि ताई खाली मान घालून ऐकून घेत. त्या मानेची त्यांना फार लाज वाटे.

निवृत्तीच्या दिवशी केंद्रप्रमुख गायतोंडे यांनी त्यांना बोलावून घेतलं.

“बाई, तुमच्या जुन्या अर्जावरचं अर्धं मिनिट मंजूर झालंय. आजच्यापुरता.”

“आणि नाही घेतलं तर?”

“मुलं नव्या निर्मात्याच्या ताब्यात जातील.”

“ते टाटा करवतील?”

“त्या भागाच्या ताई तुम्ही. त्यांना कसं करवता येईल?” गायतोंडे समजुतीने म्हणाले. “सांभाळतील मात्र नीट.”

संध्याकाळी कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. शालनताई सतरंजीवर बसल्या. गुडघे दुखत होते. बोलायचं एकच वाक्य होतं. अर्ध्याहून जास्त वेळ तसाच गेला. मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“चला बाळांनो,” त्या शेवटी म्हणाल्या, “टाटा करा.”

सगळ्यांनी हात हलवले. दिवा विझला. मुलं उठली, पायाला मुंग्या आल्याची तक्रार करत चपला शोधू लागली. बाहेर काठ्या टेकत म्हातारी माणसं आली होती. ज्यांचे आईबाबा उरले नव्हते, त्यांना धाकटी भावंडं न्यायला आली होती, टक्कल पडलेली. फाटकावर सह्या घेऊन एकेकाला सोडलं.

ऋजुताने शालनताईंचं बोट धरलं.

“आई,” ती म्हणाली, “बाबा कुठे उभे आहेत?”

शालनताईंनी तिच्या गळ्यातली पाण्याची बाटली काढून आपल्या खांद्याला अडकवली.

“आज रिक्षाने जाऊ,” त्या म्हणाल्या.