अहो आणि आरे

होणाऱ्या जावयाचं नाव आरे आहे हे यज्ञेश्वररावांना पहिल्यांदा फोनवर कळलं, तेव्हा ते पुढचं वाक्य ऐकायला बराच वेळ थांबून राहिले होते.

"आरे काय? बोल ना पुढे."

"बाबा, पुढे काही नाही. आरे हेच नाव. नॉर्वेतलं जुनं नाव आहे, म्हणजे गरुड," स्वराली ऑस्लोहून म्हणाली.

आता हा गरुड लग्नासाठी नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत उतरला होता. लग्न परवावर आलं होतं. हॉलवाला, आचारी, फुलवाला यांच्यापायी यज्ञेश्वररावांचा पार पिट्ट्या पडला होता. त्यात मराठी घरात उठल्यापासून किती वेळा "अरे" म्हटलं जातं, हे त्यांना या वयात प्रथमच कळत होतं. दूध उतू गेलं आणि त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई "अरे अरे अरे!" म्हणाल्या, की हा ताडमाड मनुष्य चौकटीला कपाळ आपटत स्वयंपाकघरात हजर. "अरे देवा" म्हटलं तरी यायचा. आला की तसंच परत जाणं त्याला बरं वाटत नसे. मग तो नारळ फोडायचा, माळ्यावरची पातेली काढायचा, सिलिंडर लावायचा. यज्ञेश्वरराव तेवढ्यात खुर्चीत पाठ टेकून घेत. लग्न ठरल्यापासून त्यांना मिळालेला आराम काय तो एवढाच होता.

खरी धास्ती होती आक्कांची. आक्का म्हणजे यज्ञेश्वररावांची थोरली बहीण. बारशाला स्वरालीच्या कानात नाव सांगणारी आत्या तीच. "आत्या आली नाही तर मी हार घालणार नाही," असं स्वरालीने बजावून ठेवलं होतं, आणि आक्का अजून 'बघू' म्हणत होत्या. पुण्यात 'बघू'चा अर्थ 'नाही' असाच होतो. मुलगा बघून काय ते ठरवायला त्या आज घरच्या केळवणाला येणार होत्या.

वारज्याहून रिक्षाने आलेल्या आक्कांनी पंखा वाढवायला लावला आणि चौकशी सुरू केली.

"आडनाव काय यांचं?"

"बाक्केन," स्वराली म्हणाली. "तिकडे पुष्कळांची आडनावं शेतावरून पडलीत. बाक्केन म्हणजे टेकाड, डोंगरउतार."

"म्हणजे डोंगरे. मग तसं सांगा की."

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. पानं वाढली गेली. सुहासिनीबाई श्रीखंडाचं भांडं घेऊन प्रेमाने पाहुण्याकडे वाकल्या आणि सवयीने बोलून गेल्या, "आरे, अजून थोडं घे ना!"

आक्कांचा घास हातातच राहिला.

"सुहासिनी, जावयाला अरे?"

"अहो आक्का, ते नावच आहे त्याचं."

"त्याचं?"

"आक्का, त्यातला आ लांब आहे," यज्ञेश्वरराव कळवळून म्हणाले. "आरे. अर्थ गरुड."

"मग गरुड म्हणा."

"वरच्या मजल्यावर गरुड राहतात. गळतीवरून बोलणं बंद आहे आमचं."

"तुझा आ तुझ्यापाशी ठेव. जावयाला पानावर अरे-तुरे करणाऱ्या घरात माझं काय काम? रिक्षा बोलाव." आक्का पानावरून उठल्या.

स्वरालीचे डोळे भरून आले. यज्ञेश्वररावांनी हॉलवाल्याला तोंड दिलं होतं, आचाऱ्याला दिलं होतं. आता मात्र त्यांच्या अंगात काही उरलं नव्हतं. त्यांनाही रडावंसं वाटलं, पण त्याचाही कंटाळा आला. ते रिक्षा बघायला उठले.

तेवढ्यात जावई उठला. त्याने सासऱ्यांपुढे हात जोडले आणि शिकून आणलेल्या मराठीत हळूच विचारलं, "अहो, काय झालं? अहो, बसा."

दाराकडे निघालेल्या आक्का वळल्या.

"ऐकलंस?" आक्का म्हणाल्या. "परमुलखातला मुलगा सासऱ्याला अहो म्हणतो! आणि तुम्ही!" त्या पुन्हा पानावर बसल्या. "वाढ गं श्रीखंड. परवा मुहूर्त किती वाजताचा आहे? आणि एक, यापुढे या घरात यांना कोणी अरे म्हणायचं नाही. अहो म्हणायचं."

"बरं," सगळे एकदम म्हणाले.

जेवणं झाल्यावर आक्का आत आडव्या झाल्या, तेव्हा स्वराली हसू दाबत बाबांच्या कानाशी आली.

"बाबा, तुमचं नावच अहो आहे असं वाटतंय त्याला. आई दिवसभर तशीच हाक मारते ना! तिकडे सासऱ्यालासुद्धा नुसत्या नावाने हाक मारतात. आत्या ज्या सुरात यज्ञेश्वर म्हणते, त्यावरून ती शिवी असावी असं त्याला वाटलं."

"बरं."

"आणि तो विचारतोय, अहो हे फिनलंडमधलं आडनाव आहे, तर आपले पूर्वज तिकडचे का? अर्थ छान आहे. रानातली मोकळी, शांत जागा."

"हो म्हणून सांग," यज्ञेश्वरराव म्हणाले. "परवापर्यंत आपण तिकडचेच."

रानातली मोकळी, शांत जागा. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली आणि डोळे मिटले. शेजारी जावईही बसला.

"अहो!" स्वयंपाकघरातून सुहासिनीबाईंनी नव्या नियमानुसार हाक मारली. "माळ्यावरचं मोठं पातेलं काढता का जरा?"

यज्ञेश्वररावांनी डोळे उघडून मोठ्या आशेने जावयाकडे पाहिलं. जावई जागचा हलला नाही. त्याने अदबीने सासऱ्यांच्या खांद्याला हात लावला.

"अहो," तो म्हणाला, "तुम्ही."

यज्ञेश्वरराव उठले.