भिजलेल्या हलग्या

सकाळपासून आभाळ दाटलं होतं आणि सुग्रीवतात्यांच्या वर्गातली एकही हलगी धड वाजत नव्हती. दमट हवेनं कातडं सैल पडलं होतं. वैष्णवीनं हातातलं लाकडी टिपरू मारलं, तर गादीवर धपाटा घातल्यासारखा आवाज आला.

तेलगावजवळच्या त्या वस्तीवर तात्या पोरापोरींना फुकट हलगी शिकवत. जुने वाजवणारे एकेक करून गेले आणि त्यांचे ठेके जाणणारे तात्याच काय ते उरले. आज तालुक्याचे पुढारी अर्जुनराव वर्ग बघायला येणार होते. त्यांचा शब्द ग्रामपंचायत मोडत नसे. त्यांना वर्ग आवडला, तर ग्रामपंचायतीची रिकामी खोली वर्गाला मिळणार होती. उपसरपंच बंकटला मात्र तिथं स्वतःच्या डीजेचं सामान ठेवायचं होतं.

"तात्या, हलगी ऐकायला कुत्रं तरी येतंय का?" तो म्हणाला. "सायेब मोकळ्या खुर्च्या बघून जातील."

"येतील बे. ज्याला कान हायत, तो येतोच," तात्या म्हणाले. पण त्या रिकाम्या खोलीपुढं मांडलेल्या खुर्च्या मोकळ्याच होत्या.

त्यांनी पोरींना हलग्या शेकायला सांगितलं. वैष्णवी आणि संस्कृतीनं खोलीमागं उसाचं पाचट पेटवलं. पाचट ओलसर, त्यामुळे जाळ कमी आणि धूर फार. धुरापलीकडं बंकटचा उभा ऊस होता.

बंकटची आई बायडाबाई अंगणातून ओरडली, "आगं बया, आमचा ऊस पेटला!"

बंकट धावत देवळात गेला आणि भोंग्यावरून सगळ्या गावाला हाक दिली. हलगीसाठी न हललेलं गाव घागरी, बादल्या घेऊन धावलं. तात्यांचा शेजारी तानाजी पाण्याचा टँकर घेऊन आला. कुणी काही विचारायच्या आत बंकटनं पाइप धुरावर सोडला. शेकोटी विझली. हलग्या न्हाल्या.

"बंकटकाका, ऊस तिकडं हाय!" संस्कृती भिजलेली वेणी पिळत म्हणाली.

तेवढ्यात अर्जुनरावांची गाडी आली. भरल्या घागरी घेऊन उभं असलेलं गाव बघून त्यांना गहिवरून आलं.

"आरं, एवढा मान कावून? आपल्या भागात पाण्याहून मोठं स्वागत कोणतं!"

खरं सांगायचा कुणालाच धीर झाला नाही. बंकट तर हार धरावा तसा पाइप धरून उभा राहिला.

"करा सुरू," अर्जुनराव खुर्चीवर बसत म्हणाले.

तात्यांनी हलगी उचलली; तिच्यातून पाणी ठिबकलं. संस्कृतीनं इकडं तिकडं पाहिलं, बायडाबाईची घागर रिकामी केली, पालथी घातली आणि ठेका धरला. बाकीच्या पोरापोरींनीही हाताला येईल ती घागर ओढून पालथी घातली. स्टीलवर जुना ठेका जसाच्या तसा खणखणू लागला.

"पोचे पडतील की माझ्या घागरीला!" बायडाबाई म्हणाली, पण मान डोलवत. तात्यांचा पायही ठेक्यावर हलू लागला.

"वा! घागरीची ही कला किती जुनी?" अर्जुनरावांनी विचारलं.

"लई जुनी म्हणा," तानाजी तात्यांच्या कानात कुजबुजला. "खोली मिळून जाईल."

तात्यांनी त्याला हातानं बाजूला सारलं. मग म्हणाले, "आत्ताची हाय, सायेब. जुनी तिकडं भिजून पडलीय. तिला ऐकल्याबिगर जाऊ नका."

अर्जुनरावांनी चिंब हलग्यांकडं पाहिलं, बंकटच्या हातातल्या पाइपाकडं पाहिलं, आणि त्यांना स्वागताचा उलगडा झाला. ते पोट धरून हसले.

"मग वाळवा की!"

"पाचट भिजलंय," वैष्णवी म्हणाली आणि तिनं त्यांच्या गाडीच्या तापलेल्या बोनेटला हात लावून बघितला.

हलग्या बोनेटवर मांडल्या गेल्या. ड्रायव्हर रामेश्वर तोंड वाकडं करून इंजिन चालू ठेवून बसला. गाव जागचं हललं नाही. एका हलगीचं कातडं ताणलं, तशी तात्यांनी ती उचलून वाजवली. कडकडाट उसावरून पार पलीकडच्या वस्तीपर्यंत गेला. अर्जुनराव उठून उभे राहिले आणि खोलीचा शब्द त्यांनी उभ्यानंच दिला.

गर्दी पांगल्यावर बंकट हळूच तात्यांजवळ आला.

"तात्या, मला येईल का हो?"

"न यायला काय झालं?" तात्या म्हणाले. "संस्कृतीच्या मागं बसत जा. ती रागावली, तर मनाला लावून घेऊ नको."