सुक्या मासळीचा हार आणि माझं इंग्रजी

आमच्या पापडी गावात इंग्रजीतून भांडावं तर मीच! सोसायटीचं पाणी बंद झालं की तक्रार लिहून घ्यायला लोक माझ्याकडेच येतात. त्यामुळे टीव्हीवर जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धेचं उद्घाटन बघताना माझे हात शिवशिवले, यात नवल नाही.

स्पर्धा होती उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशात. तिथल्या कोळ्यांनी काय करावं? पाहुण्या कर्णधारांच्या गळ्यात चक्क सुक्या मासळीचे हार घातले! आपला कर्णधार शुद्ध शाकाहारी. गळ्यात साप पडल्यासारखा उभा!

मी लगेच स्पर्धेच्या फेसबुक पानावर खरमरीत इंग्रजी ठोकलं, 'सुकवलेले मासे गळ्यात घालणं हा पाहुण्यांचा अपमान आहे. असला वास मारणारा प्रकार आमच्या संस्कृतीत नाही!'

"व्हिन्सेंट, नको रे," माझी बायको ॲनी म्हणाली. "मम्मीने वाचलं तर?"

"तुझ्या मम्मीला इंग्रजी कुठे येतं?"

सासूबाई मॅग्डलीन पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या. उभा जन्म बोंबील सुकवण्यात गेलेला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मोबाइलला येत होतं ना! माझा मेहुणा क्लिफर्ड याने मोबाइलकडूनच भाषांतर करून घेतलं आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. मोबाइल म्हणत होता, 'मासे सुकवणारे लोक वास मारतात. ते आमच्यात नाहीत.'

तिकडून ओलाव नावाच्या कोळ्याचं उत्तर आलं, 'हिवाळ्यात घरात जे सगळ्यात मोलाचं असतं, तेच आम्ही पाहुण्याला देतो. तुमच्याकडे मासे सुकवत नाहीत का?'

मी ठणकावलं, 'छे! कधी पाहिलेही नाहीत!'

त्याच्या खालीच क्लिफर्डने फोटो टाकला. सासूबाईंच्या अंगणात बांबूच्या वलांडीवर सुकत घातलेले बोंबील लोंबतायत आणि खाली खाटेवर मी, हाफ पँटमध्ये, तोंड उघडं टाकून घोरतोय! एक बोंबील तर बरोब्बर नाकावर!

जगभरातून हसणारे चेहरे धो धो कोसळू लागले.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. सासूबाई! हातात काहीच नाही! दर वेळी पिशवीभर सुकी मासळी आणणारी बाई आज हात हलवत आली!

"कोन वास मारतं रे, जावय?"

"मम्मी, मोबाइलने चुकीचं..."

"लगीन ठरवाया आलास, तवा मी ताटात काय वाढलेलं?"

"बोंबलाची चटणी," मी पुटपुटलो.

"घरातली सगल्यात चांगली होती ती. तुझ्यासाठी राखून ठेवलेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "क्लिफर्डनं त्या परदेशी मानसाचं उत्तरपन सांगितलं मला. लाव त्याला फोन. तो शाना दिसतो."

ओलावला निरोप धाडला आणि व्हिडिओ कॉल जोडला. मी एकदा इंग्रजीत माफी मागितली, एकदा मराठीत. ओलावने मागे टांगलेले मासे दाखवले. सासूबाईंनी डोळे बारीक केले.

"मासलीवर बसनाऱ्या माश्यांचं काय करतो, इचार."

मी विचारलं. "तो म्हणतो, थंडीत माश्या येतच नाहीत."

"नशीबवान हाय मेला!"

आता जवळजवळ रोज संध्याकाळी त्या दोघांचा कॉल असतो. मीठ, वारा, भाव, सगळं बोलून होतं आणि गाडी माझ्यावर येते. मी कसा आळशी, कसा तोंडाळ! दोघं पोट धरून हसतात. आणि एकाचं दुसऱ्याला समजावून सांगायला मध्ये बसलेला असतो मीच!

परवा मला 'बावळट'ला इंग्रजी शब्द आठवेना. मी अडखळलो, तर सासूबाई म्हणाल्या, "शब्द कशाला शोधतोस? तुझं नाव सांग, त्याला समजंल!"