रसिकाची खीर आणि माझे बेदाणे

"विज्ञान मी असं शिकवीन की काकूचं नाव विसरेल संचिता!" मी नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलेलं. तो म्हणाला, "तू कॉमर्सवाली." मी तिकडे लक्षच दिलं नाही.

काकू म्हणजे रसिका, माझी धाकटी जाऊ. बीएस्सी. कोलशेतच्या आमच्या शेतावर टॉवर उभा राहिला आणि दोघा भावांना समोरासमोर फ्लॅट मिळाले. तेव्हापासून माझी आठवीतली मुलगी कायम समोरच्या घरात. "काकूने पेशी काय मस्त शिकवली", "काकू म्हणते, केंद्रक म्हणजे पेशीचा साहेब". जेवतानासुद्धा काकूच! जळले मी, खोटं कशाला बोलू. पोटात मी वाढवायची आणि पेशी काकूने शिकवायची?

रविवारी सकाळी संचिताला ओट्यापाशी उभं केलं. रात्री पाण्यात घातलेले बेदाणे टम्म फुगलेले. "बघ, पेशीच्या पडद्यातून पाणी आत शिरलं. आता हेच कडक मिठाच्या पाण्यात टाकायचे. आतलं पाणी बाहेर येणार आणि ते सुरकुतणार. याला म्हणतात परासरण."

संचिता "हं" म्हणाली आणि मोबाइल बघायला लागली. ऐकलं की नाही, देव जाणे.

थोड्या वेळाने रसिका दारात. "ताई, खडवलीचे मामा जेवायला येतायत ना, खीर मी करते. थोडे बेदाणे आहेत?"

"एक पण नाही गं," मी म्हटलं आणि खाऱ्या पाण्यातल्या बेदाण्यांचा वाडगा मिक्सरमागे सरकवला. मुलगी नेलीस, आता बेदाणे पण नेणार?

दुपारी तिचं खिरीचं पातेलं आमच्या ओट्यावर आलं. मी बाहेर पानं मांडत होते, आत सासूबाई होत्या.

मामांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे घट्ट मिटले. "खाडीचा पानी ओतलास काय गो यान?"

रसिकाचा चेहरा उतरला. "शप्पथ, साखरच घातलेली मी."

मला आतून गुदगुल्या झाल्या. "होतं गं कधी कधी," मी अगदी प्रेमाने म्हटलं.

संचिताने चमच्यातला बेदाणा उचलला, निरखला, चावला. "थांबा. काकूकडे बेदाणेच नव्हते. आणि खिरीतला बेदाणा फुगतो, हा सुरकुतलाय. म्हणजे याच्यातलं पाणी बाहेर गेलंय. हा आधी मिठाच्या पाण्यात होता."

"मिक्सरच्या मागं वाडगा व्हता," सासूबाई म्हणाल्या. "मना वाटला, खिरीसाठी भिजवलेत. पान्यासकट ओतला."

रसिका माझ्याकडे बघत राहिली. "ताई, एक पण नव्हता ना?"

मी पापड मोडायला घेतला.

मामा मात्र संचितावर खूश. "काय हुशार पोर! ह्या सगला कुनी शिकवला गो तुला? काकूनी?"

"नाही," संचिता मान ताठ करून म्हणाली, "आईने."

हेच ऐकायला मी जिवाचा आटापिटा केलेला. मामांनी पाणी मागितलं. ते आणायला म्हणून मी आत गेले, ती त्यांची गाडी गेटबाहेर पडेपर्यंत आतच राहिले.