रबर प्लांटसमोर टीव्ही

"कुंडी बदलणं म्हणजे काय हार्टचं ऑपरेशन आहे?" असं मी बायकोला, सरोजिनीला, ठणकावून सांगितलं होतं. आमच्या लेकीनं, इरानं, पहिल्या पगारातून आणलेला रबर प्लांट बाल्कनीत रुसून बसला होता. पानं पिवळी, मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर! घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ही सामान आणायला पंचवटीत गेली आणि मी बाह्या सरसावल्या.

झाड उचलून थेट हॉलमध्ये टीव्हीसमोर आणलं, कारण शिकवणारा व्हिडिओ टीव्हीवर होता. शेजारी सिन्नरहून आणलेली हंड्याएवढी नवी कुंडी. 'माती भुसभुशीत हवी,' टीव्हीतला माणूस म्हणाला. बाल्कनीत एका पिशवीत तश्शीच सापडली. काळीभोर, चाळलेली, नावाला खडा नाही! सगळी ओतली, झाड रोवलं, बादलीभर पाणी घातलं आणि स्वतःचं कौतुक करत चहा घेतला.

हिनं आल्या आल्या रिकामी पिशवी पाहिली.

"अहो, यातली माती?"

"झाडाला! बघ कसं ताठ..."

"ती घटाची होती! आईनं नामपूरच्या शेतातली चाळून पाठवलेली! लग्न झाल्यापासून आपले घट त्याच मातीत बसतात!"

"मग काढतो परत."

"काढा! आणि झाड मेलं की इराला फोन तुम्हीच करा!"

मी बुंध्याला हात घातला. नेमका तेव्हाच टीव्हीतला माणूस म्हणाला, 'आता महिनाभर मुळांना धक्का लावू नका.' ही रडायच्या बेतात! मला खरंच वाईट वाटलं.

"आईंना फोन कर. आज घटांसाठी येणारच आहेत, येताना आणखी आणतील."

"ती केव्हाच बसमध्ये बसली!"

दारावरची बेल वाजली.

"उतरल्या," मी म्हणालो.

सासूबाईंनी, म्हणजे सावित्रीबाईंनी, आमचे चेहरे पाहून दारातच विचारलं, "काय व्हयनं?" मी सगळं सांगितलं, पंख्याकडे बघत. त्यांनी कुंडीतली चिमूटभर माती बोटांत चोळली, हुंगली.

"माटी ते मन्हीच शे. मंग घट आठेच बसी!"

माती त्यांचीच, म्हणून घट आठेच, म्हणजे इथंच. टीव्हीसमोर! निदान कोपऱ्यात तरी सरकवू म्हणून तिघांनी जोर लावला. ओल्या मातीची कुंडी ढिम्म! आणि सकाळी घट बसले. बुंध्याभोवती धान्य पेरलं, बाजूला मातीचा घट, शेजारी अखंड दिवा. आता नऊ दिवस हलवायचं नावच नाही! रोजची माळ रबर प्लांटच्या फांदीवर. सोसायटीतल्या बायका दर्शनाला येऊन सेल्फी काढून गेल्या. ऐन नवरात्रात क्रिकेटची फायनल होती. ती मी दोन पानं आणि झेंडूची माळ यांच्या फटीतून पाहिली. सिक्सर बसला हे शेजाऱ्यांच्या आरोळीवरून कळायचं.

दसऱ्याला धान वीतभर वाढलेलं, रबर प्लांटला लालचुटूक कोंब! हिनं कोवळे अंकुर माझ्या कानावर खोचले आणि चक्क हसली. हीच संधी म्हणून मी हळूच विचारलं, "आई, आता हलवायची ना कुंडी?"

सासूबाईंनी कानांना हात लावले. "नही, बापू! झाड आते देवनं व्हयनं!"

तर मंडळी, आमचा टीव्ही सध्या बाल्कनीत, झाडाच्या जुन्या जागी आहे. अजून तरी पिवळा पडलेला नाही!