सासऱ्यांचा सुटा आवाज

कुठलंही यंत्र माझ्या हातात द्या, अर्ध्या तासात ते मला ‘साहेब’ म्हणायला लागतं! उगाच फुशारकी नाही मारत. घरचं वॉशिंग मशीन मीच उघडलं होतं. आता ते फक्त उलटं फिरतं, पण फिरतं ना!

म्हणूनच सासऱ्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला डीजे व्हायचं मी ठरवलं, तेव्हा बायको सोडून कुणालाच घाम फुटला नाही.

माझे सासरे तीस वर्षं बस डेपोत माईकवर गाड्यांच्या घोषणा करायचे. ते निवृत्त झाले, आवाज काही निवृत्त झाला नाही. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ते सासूबाईंसाठी गाणं म्हणतात. एकच. तेच. पाच कडव्यांचं! आणि म्हणतात असं, की ऐकणाऱ्याने बॅग उचलून धावत सुटावं! एकोणचाळीस वर्षांत एकदाही खंड नाही. आणि नेमकं यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही.

सासऱ्यांनी एक पांढरी पाटी आणि मार्कर घेतला. पाटीवर लिहिलं : ‘कार्यक्रम रद्द.’ खाली दोन रेघा.

“अहो, साठ माणसांना सांगून झालंय!” सासूबाई म्हणाल्या.

पाटी पुसली. ‘गाणं नाही तर वाढदिवस नाही.’ तीन रेघा. आणि मग ते खिडकीकडे तोंड करून बसले. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या! मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी बोलून बसतो.

“बाबा, गाणं होणार! तुमच्याच आवाजात! मागच्या वर्षीचं माझ्या फोनमध्ये आहे!”

सासऱ्यांनी मला मिठी मारली. लग्नानंतर पहिल्यांदा!

आमच्या वरच्या मजल्यावर एक हौशी डीजे राहतो. त्या दिवशी त्याला दुसरीकडे काम होतं, पण मशीन आणि लॅपटॉप त्याने आनंदाने दिला. वर शिकवणीही दिली.

“दादा, हे सॉफ्टवेअर गाण्याची फोड करतं. ड्रम वेगळे, बेस वेगळा, बाकीची वाद्यं वेगळी आणि माणसाचा आवाज वेगळा. ही चार बटणं चौघांची. दाबलं की गप्प, परत दाबलं की चालू. मागच्या वर्षीची वाद्यं गप्प करा, काकांचा आवाज ठेवा आणि खाली माझा नवा ठेका सोडा. लोक नाचतील! फक्त आधी हेडफोन लावून पूर्ण ऐकून घ्या.”

“ऐकायचं काय त्यात? मागच्या वर्षी ऐकलंय की! पाचही कडवी!”

खरं सांगू का? ते गाणं एकदा ऐकलं की वर्षभर पुरतं. मुद्दाम दुसऱ्यांदा ऐकायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी दुपारी हॉल भरला. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे दुकानातला सगळ्यात महाग काळा चष्मा डोळ्यांवर आणि हेडफोन गळ्यात!

“अरे, ते कानाला लावतात ना?” बायकोने विचारलं.

“स्टाईल असते ती!”

पहिल्या रांगेत सासूबाई. शेजारी सासरे, मांडीवर पाटी. मी वाद्यांची तिन्ही बटणं दाबली, ठेका सोडला आणि काय सांगू, सासऱ्यांचा आवाज असा घुमला की मागच्या मंडळींनी खुर्च्या घट्ट धरल्या. सासरे खुशीत मान डोलावू लागले. पहिलं कडवं संपलं. टाळ्या! मी दोन्ही हात वर केले.

आणि स्पीकरमधून माझाच आवाज आला.

“अरे देवा! अजून चार कडवी!”

माझे हात वरच राहिले. मागच्या वर्षी फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता! माझ्या तोंडापासून वीतभर! तेव्हा वाद्यांच्या गोंगाटात माझं पुटपुटणं कुणाला ऐकू गेलं नव्हतं. आता सॉफ्टवेअरने वाद्यं बाजूला काढली आणि माणसाचा आवाज म्हणून मलाही घासूनपुसून पुढे आणून ठेवलं!

मी घाईघाईने आवाजाचं बटण दाबायला गेलो आणि शेजारचं दाबलं. ते निघालं लूपचं. म्हणजे तेवढाच तुकडा फिरत राहतो.

“अजून चार कडवी! अजून चार कडवी! अजून चार कडवी!”

ठेक्यात इतकं चपखल बसलं की विचारू नका! मागची पोरं नाचायला उठली. त्यांच्या मागून आत्या उठल्या. दोन काका तर चार बोटं वर करून उड्या मारायला लागले!

“अरे, बंद कर!” बायको ओरडली.

“तेच करतोय!”

मी दिसेल ते बटण दाबलं. लूप सुटला, पण नवा ठेका गेला. आता हॉलमध्ये नुसता आवाज. खाली सासरे दुसऱ्या कडव्याशी झगडताहेत आणि वर मी :

“आई, तुम्ही हे सहन कसं करता हो?”

आणि त्यावर स्पीकरमधूनच सासूबाईंचा शांत, स्वच्छ आवाज :

“कापूस, जावईबापू. पर्समध्ये आहे. देऊ का?”

हॉल असा हसला की केकवरची मेणबत्ती आडवी झाली. सासूबाईंनी पर्स पदराखाली लपवली. सासरे मात्र हलले नाहीत. चेहरा पार पडला होता त्यांचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांचं त्या माणसाचं कौतुक मी साठ माणसांसमोर मातीत घातलं होतं! मी वायरच उपटायला वाकलो.

सासऱ्यांनी हात वर केला. थांब!

नाचणारे जागेवर बसले. गाणं चालूच होतं. तिसरं कडवं गेलं, चौथं गेलं, मधे माझी जांभई येऊन गेली. आणि मग पुन्हा सासूबाई :

“श्श! आता गप्प बसा हं, जावईबापू. मी कापूस काढतेय. हे शेवटचं कडवं ते माझ्याकडे बघून म्हणतात. वर्षात एवढंच एकदा बघतात हो असं.”

पाचवं कडवं सुरू झालं. ठेका नाही, पेटी नाही, सूर तर नाहीच नाही. सासरे सासूबाईंकडे वळले आणि बिनआवाजाचे ओठ हलवू लागले. सासूबाई लाजल्या! सदुसष्टाव्या वर्षी! मी काळा चष्मा घालून आलो होतो ते फार बरं झालं.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच सासऱ्यांनी पाटी घेतली. मार्करची कुरकुर कितीतरी वेळ चालली. मग त्यांनी पाटी वर धरली :

‘आवाज आला की रोज संध्याकाळी रियाज. पाचही कडवी. जावईबापू समोर. कापूस जप्त.’

चार रेघा!

वाचकहो, आज सहावा आठवडा संपतोय. परवा मी डॉक्टरांना गुपचूप फोन करून विचारलं, घसा फार नाजूक असतो, आणखी महिनाभर मौन वाढवता येईल का? ते म्हणाले, “छे! जखम सुरेख भरलीय. आवाज तर आधीपेक्षा मोठा येईल!”

काल सासूबाई घरी आल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी माझ्या मुठीत एक कागदाची पुडी कोंबली. मला इतकं भरून आलं! मी त्यांच्या पाया पडलो आणि पुडी उघडली. आत कापसाचा एकच इवलासा बोळा.

“आई, हा एकाच कानापुरता आहे!”

“जप्तीतून दोनच वाचले, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “दुसरा मला नको?”